मीटिंगच्या खोलीची चावी

“चावी कोणाला दिली म्हणालात?” साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“शंकरला, सर. वारंगा फाट्यावर टायरचं दुकान आहे त्याचं.”

“गेल्या महिन्यात वॉर्डात पलंगाला बांधून ठेवावं लागलं, तो?”

“तोच.”

मी कळमनुरी तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर होते. साहेब म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट. आवारातली एक रिकामी खोली दारू सोडलेल्यांच्या गटाला बुधवारी मीटिंगसाठी दिलेली होती. मीटिंग म्हणजे भाषण नव्हे. गोल बसायचं, एकेकानं स्वतःबद्दल बोलायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. खोली उघडणं, सतरंजी टाकणं, चहा करणं हे सभासदच करतात, फुकट. त्याला ते ‘सेवा’ म्हणतात. आणि चावीची सेवा त्यांनी गटातल्या सगळ्यांत कच्च्या माणसाला दिली होती.

शंकर आमच्याकडे विड्रॉवलमध्ये आला होता. रोजची दारू एकदम थांबली की शरीर बंड करतं, हात थरथरतात, नसलेली माणसं दिसतात. त्यातून तो निभावला. पण बायको, सुनीता, लेकरं घेऊन माहेरी गेली होती. तिचा निरोप एवढाच होता, “धुळवड कोरडी जाऊ द्या, मंग येते.” आमच्याकडे धुळवडीला मटण शिजतं आणि बाटली उघडते. बाईनं परीक्षा नेमकी काढली होती.

साहेबांनी दत्तरावांना बोलावून घेतलं. हे गटातले सगळ्यांत जुने, औंढ्याकडचे शेतकरी.

“दत्तराव, चावी द्यायला एखादा भरवशाचा माणूस बघायचा की.”

“साहेब, भरवशाच्या माणसाला चावी काहून द्यायची? त्यो तसाबी येतोच.”

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. त्या खोलीशेजारच्या स्टोअरमधले स्पिरिटचे कॅन मी मात्र त्याच दिवशी वरच्या मजल्यावर हलवले. एवढी काही मी भाबडी नाही.

त्या वर्षी धुळवड बुधवारीच आली. रस्ते ओस, एसटी बंद. मी ड्युटीवर होते. दुपार कलल्यावर शंकर मोटरसायकलवर आला, तोंड रंगानं जांभळं झालेलं. झाडू द्यायच्या निमित्तानं मी त्याच्या जवळ गेले.

“वास घेऊन राहिल्या व्हय, सिस्टर?” तो हसला. “घेतली न्हाई. मळ्यात जेवाय बसलो होतो. दोस्तानं गिलास भरून म्होरं ठिवला. तेवढ्यात खिशातली चावी मांडीला टोचली. म्हटलं, आपण न्हाई गेलो तर दत्तराव काका दाराम्होरं उभे ऱ्हातील.”

त्यानं खोली झाडली, सतरंजी टाकली, चहाचं आधण ठेवलं. आणि कोणीच आलं नाही. तो दारात जाऊन फाटकाकडे बघायचा, परत यायचा. शेवटी म्हणाला, “कुणीबी येऊन न्हाई राहिलं. जातो मी.”

तो कुठे जाणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक शहाणं वाक्य सुचू नये? मी म्हटलं, “आधी तो चहा बघ, उतू जाईल.”

चहा खाली उतरवतोय तोवर दत्तराव आले. कपाळावर गुलालाचा एकच टिळा. त्यांची बायको हिवाळ्यात वारली होती. घरात माणूस गेलं की पहिल्या सणाला पाहुणे येऊन रंग लावतात, दुखवटा काढतात. ते सतरंजीवर टेकले. “सिस्टर, तुमीबी बसा,” म्हणाले. मग त्यांनीच सुरुवात केली.

“मेव्हण्यानं बाटली आणली होती. म्हणला, दाजी, दुःख लई मोठं हाय, आज चालते. म्या नको म्हटलं न्हाई. गिलास हातात घेतला.”

“मंग?” शंकरनं मधेच विचारलं. नियम मोडला, पण त्याला कोणी टोकलं नाही.

“मंग आठवलं, आज गाड्या बंद हायेत, कुणी येणार न्हाई. हे पोरगं एकटंच दार उघडून बसलं आसंल. गिलास तसाच खाली ठिवला न् गाडीला किक मारली.”

“म्हंजी तुमी माझ्यासाठी आले?”

“न्हाई रे बाबा. माझ्यासाठीच आलो.”

आयुष्य वॉर्डात गेलेली बाई मी, पण तेव्हा मला रडू आवरलं नाही. शंकरनं माझ्यापुढे चहा सरकवला. साखर त्यात दुप्पट पडली होती. आम्ही तिघांनी तो तसाच संपवला, आणि मग शंकर बोलायला लागला.

सुनीता पाडव्याला घरी आली. नावं अर्थातच मी बदलली आहेत.

नर्सिंगमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की जबाबदारीचं काम खात्रीच्या हातात द्यावं. इंजेक्शनच्या बाबतीत ते खरंच आहे. पुढे उन्हाळ्यात वॉर्डात दारूचा नवा पेशंट आला, अंगानं थरथरणारा, डिस्चार्जच्या दिवशीही नजरेला नजर न देणारा. राऊंडला साहेब त्याच्या पलंगापाशी थांबले.

“सिस्टर, दत्तरावांना सांगा, चावी आता याला द्या.”

“भरवशाचा वाटतो का, सर?”

“छे,” साहेब म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.