सरता बांधायला जागाच नव्हती

वर्गमित्रांनो, पत्र वाचून पुढच्याला पाठवा.

आज सकाळी वलगावला आमच्या कारखान्याचं नवं पेरणीयंत्र चालवलं. ड्रॉइंग माझंच. ज्वारीच्या ओळी अगदी सरळ पडल्या.

तेवढ्यात शेतमालकीण गंगाबाई सरता घेऊन आल्या. सरता म्हणजे ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीचं बी सोडायची नळी. ती बैलांच्या तिफणीमागं बांधून बाई चालते.

"भाऊ, हा कुठी बांधू?"

यंत्रावर जागाच नव्हती.

"मले आधी इचारलं काहून नाई?"

अकोल्याला कारखान्यात परतताच मालकांना सांगितलं, ड्रॉइंग दुसऱ्याला द्या. यंत्र कसं हवं, ते मी शेतात विचारून ठरवीन.

"इंजिनिअर होऊन वावरं हिंडशील?"

"हो. उद्यापासून."

तुमच्या ड्रॉइंगमध्ये कुणाची जागा राहून गेली आहे?