पिसं तासणारी ओर्सोला

वेनिसमधल्या बोर्तोलोच्या वाद्यशाळेत ओर्सोला तीस वर्षं कावळ्याची पिसं तासत होती. क्लाविचेंबालो या पेटीसारख्या तारवाद्याची पट्टी दाबली की आतली लाकडी काडी वर उडते आणि तिच्यात खोवलेलं पिसाचं टोक तार छेडतं. जाड झालं तर तार किंचाळते, पातळ झालं तर पुटपुटते. बाईचा हात असा बसलेला की सुरी न बघता चालायची.

वाद्य पुरं झालं की कारागिरांनी पहिल्या पट्टीच्या लाकडावर आपापली नावं घालायची, ही तिथली रीत. सुतार घालायचे, तारा ओढणारे घालायचे. ओर्सोला मात्र तीस वर्षं नुसती बघत होती, आणि ते तिला सलत होतं.

"मालक, या वाद्यावर माझं नाव पडलं पाहिजे," यंदा चर्चसाठीचं वाद्य पुरं झालं तेव्हा ती म्हणालीच.

"पिसं खोवणारीचं? मग उद्या झाडूवालीही मागेल!" बोर्तोलो खेकसला.

वाद्य न्यायला चर्चचे पाद्रीबुवा आले. शब्दांचे भारी शौकीन. "नावातच सगळं आलंय बघा! क्लाविस म्हणजे किल्ली, म्हणजे बोटाखालची ही पट्टी; चिंबालुम म्हणजे झांज. लॅटिनातून आलंय. किल्लीनं वाजणारी झांज!"

"ऐकलंस ना, ओर्सोला? किल्ली आहे, झांज आहे. पिसाला कोणी विचारलंय?" बोर्तोलो म्हणाला. सगळे खो खो हसले.

ओर्सोलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं झाकण उघडलं, काड्या भराभर उपसल्या आणि ओच्यात टाकल्या.

"वाजवा आता, पाद्रीबुवा. किल्ल्या सगळ्या जागेवर आहेत."

त्यांनी दहाही बोटं चालवली. नुसती लाकडाची खटखट. एक तार हलेल तर शपथ! सगळ्यांचं हसू जिरलं. मग पाद्रीबुवाच पोट धरून हसले.

"बोर्तोलो, वाद्य या बाईच्या ओच्यात आहे रे! हिचं नाव पडल्याशिवाय मी हे नेणार नाही."

बोर्तोलोनं पहिली पट्टी काढून दिली, शाई पुढे सरकवली. "टाक. पण लेखणी कुठाय?"

ओर्सोलानं केसात खोचलेलं कावळ्याचं पीस काढलं, दोन काप दिले आणि शाईत बुडवलं. नाव लिहायला ती तीस वर्षांपूर्वीच शिकून बसली होती. सगळ्यांच्या नावांच्या वर, ऐसपैस अक्षरांत, तिनं ते लिहिलं.