खिळ्यावरची पट्टी

"कोण रे तू?"

हा प्रश्न तो पियानोला विचारायचा. दारातून आत आला की चपला काढायच्या आधी उजव्या हाताच्या बोटाचं पेर पियानोच्या लाकडावर दोनदा ठोकायचा, डोळे मिटायचा आणि विचारायचा. माणसांची चौकशी त्याने कधी केली नाही. दार मी उघडलेलं असायचं, पण त्याच्या लेखी मी दाराची कडी.

असा एखादा खडूस म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. कामात वाघ आणि वागण्यात काटा. लोक म्हणतात, मनाने चांगला असतो हो. मी म्हणणार नाही. तो आता नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही शिकवलेलं आहे. पण मला तो आवडत नव्हता आणि अजूनही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

अंधेरीला मरोळच्या गावठाणात राहायचा. पियानो दुरुस्त करणारी माणसं या शहरात उरली आहेत किती? मी मुलुंडहून फोन केला तेव्हा म्हणाला, "पत्ता सांग. गल्ली सांगू नको, बिल्डिंग सांग." अहो-जाहो त्याला ठाऊकच नव्हतं.

पियानो माझ्या बाबांचा. बाबा मालवणकडचे सुतार. फोर्टातल्या एका वर्कशॉपमध्ये साहेबलोकांचे जुने पियानो दुरुस्तीला यायचे, तिथे कामाला होते. मी सातवीत असताना त्यांना तिथून काढलं. चोरीचा आळ घेऊन काढलं. घाटकोपरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला हा पियानो उभा होता, झाकणावर पितळी अक्षरांत विलायती नाव. त्याच्यावर आमच्या गाद्या रचलेल्या असायच्या आणि गणपतीत गाद्या उतरवून गणपती बसायचा. आळ खोटा आहे असं कोण म्हणणार?

बाबा म्हणायचे, "ह्यो मी बनवलंय." काका तोंडावर हसायचे. म्हणायचे, सुताराने खुर्ची बनवावी, पियानो बनवायला तो काय साहेब आहे?  आई पाहुणे आले की पियानोवर चादर टाकायची. ती चादर बाबांना दिसायची. शेवटच्या दिवसांत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिले. "पट्टी खिळ्यार नव्हती, पण मी काढूक नाय." कुठली पट्टी, कुठला खिळा, आम्हाला कुणाला कळलं नाही. तापात बरळतात म्हणून आम्ही कपाळावर ओला रुमाल ठेवत होतो.

मला एवढंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या बापाने पियानो बनवला की चोरला?

पहिल्या दिवशी म्हाताऱ्याने ठोकलं, विचारलं, मग पुढची फळी उतरवली. डावीकडची अगदी पहिली पट्टी उचलून बाहेर काढली. वरून ती इतरांसारखीच पांढरी दिसते, पण मागे हातभर लाकूड असतं. बाकी सगळ्या पट्ट्यांचं लाकूड फिकट होतं, हिचं पिवळं. त्याने ती नाकाशी नेली, उजेडात धरली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. चहा निवला.

"फणस," तो म्हणाला. "बाप काय करायचा तुझा?"

मी बाबांचं नाव सांगितलं, वर्कशॉपचं सांगितलं. त्याने पट्टी जागेवर बसवली, हत्यारं पिशवीत भरली आणि म्हणाला, "चोरीचा असेल."

माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात, माझा चहा समोर ठेवून. मी दार उघडून उभी राहिले. तो शांतपणे चपला घालून गेला.

आणि पुढच्या महिन्यात न बोलावता परत आला.

तेव्हापासून जवळजवळ वर्षभर येत होता. दर वेळी भांडण. "वर डबे ठेवलेस? हे काय रेशनचं दुकान आहे?" गणपतीच्या पाटाचा डाग बोटाने घासत म्हणायचा, "देवाला दुसरी जागा नाही मिळाली." चहात साखर कमी आहे म्हणून कप सरकवायचा, पुढच्या वेळी जास्त घातली तर म्हणायचा, मारायचं आहे का मला. मी पियानोजवळ गेले की, "हात लावू नको." अहो, माझा पियानो!

पण एकेक वस्तू त्याने ओळखून काढली, ते मात्र मान्य करते. आतली बिडाची चौकट कुठल्याशा शाळेतल्या पियानोची. पट्ट्या आणि तारांवर आपटणाऱ्या हातोड्या एका हॉटेलातल्या पियानोच्या. झाकणावरचं पितळी नाव तिसऱ्याच कुणाचं, नुसतं शोभेला चिकटवलेलं. "बिडावर एक नाव, पट्ट्यांवर दुसरं, झाकणावर तिसरं," तो म्हणाला. "तीन बाप आहेत याला."

"आणि लाकूड? हा सगळा सांगाडा, ही बाजूची कामं? ती कुणी केली?"

तो तारा पुसत राहिला.

"म्हणजे इथेच बनवलाय ना कुणीतरी?" मी सोडलं नाही.

"बनवला नाही. जमवला," तो म्हणाला. "दोन्हीत फरक असतो, बाई."

सगळा पियानो त्याने सुरात आणला. फक्त ती पहिली पट्टी सोडून. तिची तार तशीच बेसूर ठेवली. विचारलं तर म्हणाला, "तिला कोण वाजवतं?"

बाबांच्या बाराव्याला त्यांचे एक जुने सोबती आले होते, वर्कशॉपमध्ये पॉलिशचं काम करणारे. मानखुर्दला मुलाकडे राहतात हे मला माहीत होतं. पितळी नावाचं कोडं सुटेल म्हणून मी त्यांना भेटायला गेले. त्यांच्याकडून भलतंच कळलं.

वर्कशॉपची एक रीत होती. पियानोला सूर लावणारा माणूस त्याच्या पहिल्या पट्टीच्या कुशीवर पेन्सिलीने सही-तारीख करतो. ती पट्टी म्हणजे पियानोचा जन्माचा दाखला. पियानो दुरुस्तीपलीकडे गेला की मुख्य कारागीर त्याची पहिली पट्टी काढून, तिच्यावर "भंगार" लिहून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. पट्टी खिळ्यावर गेली की तो पियानो मेला. मग त्याचं काहीही कुणीही घरी न्यावं, मालकाची ना नव्हती. तुझा बाप दोन वर्षं असंच एकेक घेऊन गेला, हातगाडीवरून, उघड उघड, ते म्हणाले. पण हॉटेलवाल्या पियानोची पट्टी खिळ्यावर नव्हती. तुझा बाप सांगत राहिला की ती आधीच काढलेली होती, म्हणून तर मी हात लावला. काढली तर खिळ्यावर का नाही, मालकाने विचारलं. तेव्हा मुख्य कारागीर म्हणाला, मी काढली नाही.

"कोण होता मुख्य कारागीर?"

"मरोळचा," ते म्हणाले. "जिवंत आहे अजून, म्हणतात."

पुढच्या वेळी तो आला, पेराने ठोकलं, "कोण रे तू" म्हणाला. मी म्हटलं, "त्याला काय विचारतोस? मी सांगते कोण ते." पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं. मानखुर्दला ऐकलेलं सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं.

"पट्टी खिळ्यावर नव्हती," तो म्हणाला. "मी तेवढंच बोललो. ते खरं होतं."

"मग कुठे होती?"

तो पिशवीचा बंद बांधायला लागला. गाठ बसेना. मी मदत केली नाही.

"पहिल्या दिवशी, काढलेल्या पट्टीच्या जागी बाबांनी बसवलेली ती फणसाची पट्टी पाहिलीस तेव्हाच तुला कळलं होतं. वर्षभर माझ्या घरात बसून मला खेळवलंस. चालता हो."

दारात तो थांबला. म्हणाला, "सांगाड्याला एक खिळा नाही. सगळे सांधे. मला नसता जमला." आणि गेला. पाठमोऱ्या माणसाने दारात केलेलं कौतुक काय चाटायचं आहे? मी दार आपटलं.

चार महिन्यांनी त्याची सून आली. म्हातारा गेल्याचं सांगितलं. माझ्या नावाचा कागद लावलेलं एक पुडकं तिच्या हातात होतं. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे त्यांच्या कपाटात आहे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "तुमचं होतं का?"

वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी. फिकट लाकडाची. कुशीवर पेन्सिलीने सह्यांची उतरंड, वरच्या इंग्रजीतल्या, पुसट. सर्वात खाली त्याची सही आणि "भंगार". तारीख बाबांना काढलं त्याच्या आदल्या महिन्यातली.

काढली त्यानेच. लिहिलं त्यानेच. मग बहुतेक पिशवीत टाकून कुणाच्या तरी घरी सूर लावायला गेला आणि टांगायची विसरला. विसरतो माणूस. एवढ्यासाठी मी कुणाचा राग धरला नसता. पण ती कधीतरी सापडली असेलच ना? तेव्हा मालकाकडे जाऊन दोन शब्द बोलला असता तर स्वतःची नोकरी गेली असती, म्हणून ही पट्टी त्याने कपाटात ठेवली आणि आमच्या घरात चादर आली. आता आई नाही, काका नाहीत, बाबा नाहीत. दाखवू कुणाला?

सून बिचारी घाबरून बघत होती. मी तिला चहा दिला. साखर बेताची घातली.

ती गेल्यावर एकदा वाटलं, फणसाची काढावी आणि ही खरी पट्टी जागेवर बसवावी. पण खरी कुठली? मी फणसाचीला हात लावला नाही. माळ्यावरून बाबांची हातोडी काढली, पियानोच्या वर भिंतीत खिळा ठोकला आणि पट्टी टांगली.