चौकीदाराकडून खात्री केली

एमबीएच्या शेवटच्या सेमिस्टरला मला नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत नोकरी लागली. परदेशातल्या बँकांसाठी कर्ज मागणाऱ्यांची पत तपासायची, असं तिथलं काम. फायनान्स घेतलेल्या आमच्या वर्गातून तिघांनाच निवडलं होतं आणि त्या तिघांत मी होतो. हे आईला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा तिला वाटलं मी परीक्षा पास झालो. नेमणुकीचं पत्र हातात पडायला आता एकच गोष्ट बाकी होती. कंपनीचा माणूस घरी येऊन पत्ता तपासून जाणार होता.

आठ दिवसांनी मेल आला. उमेदवार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. त्याखाली लिहिलं होतं: इमारतीच्या चौकीदाराकडून खात्री केली.

इमारतीचा चौकीदार म्हणजे माझे वडील.

वर्धा रोडपासून जरा आत आमची इमारत आहे, नागपूरकरांच्या भाषेत फ्लॅट स्कीम. पार्किंगच्या मागची एक खोली आमची. मी सहा वर्षांचा असताना आई मला घेऊन पश्चिम नेपाळच्या डोंगरातून इथे आली. बा आधीपासूनच नागपुरात होते. शाळेत मी मराठी शिकलो, आणि अशी शिकलो की पाचवीत बाई मलाच धडा वाचायला उभं करायच्या. कॉमर्स घ्यायला लावलं ते पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि सगळ्या स्कीमच्या कामात लक्ष घालणाऱ्या. "आकड्याले गाव नसते गा," त्या म्हणाल्या होत्या, "कुठलाही माणूस तिथं चालते."

मेल वाचला तेव्हा मी कॉलेजात होतो. घरी कसा पोचलो ते आठवत नाही. मी मुळात तापट आहे. बा कधीच चिडत नाहीत, त्यांच्या वाट्याचा रागही बहुधा माझ्याकडेच आला. ते गेटजवळ खुर्चीवर बसले होते.

"बा, माझ्याबद्दल विचारायला कोणी आलं होतं?" आम्ही घरात नेपाळी बोलतो, ते इथे मराठीत लिहितोय.

"आला होता एक. तोंड बांधून आला होता."

"मे महिन्यात नागपुरात सगळेच तोंड बांधून फिरतात, बा. दुपट्टा असतो तो."

"हातात फाईल होती. तुझं पूर्ण नाव घेतलं. मी म्हटलं, या नावाचं इथं कोणी नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे काखेनेच सांगितलं होतं की कळसा इथे नाही. मी ओरडलो. शेजारच्या स्कीममधल्या लोकांनीही गॅलरीतून डोकावून पाहिलं. बा शांतपणे एवढंच म्हणाले, "फाईल घेऊन येणाऱ्याला आधी नाही म्हणायचं असतं."

हे कुठून आलं ते मला माहीत होतं. आम्ही यायच्या आधी बा नागपूरजवळ कळमेश्वरला एका कारखान्याच्या गेटवर होते. दुसऱ्याच कुठल्या कारखान्यात चोरी झाली आणि आसपासचे सगळे नेपाळी चौकीत नेऊन बसवले. बांच्या खोलीचा मालक भला माणूस होता. पोलिसांनी विचारलं, इथे राहतो का, तर तो खरं तेच बोलला, हो, राहतो. त्या एका 'हो'पायी बा दोन दिवस चौकीच्या फरशीवर बसून होते. तिसऱ्या दिवशी जा म्हटलं, तसे निघून आले.

माझ्या अभ्यासक्रमात जोखीम व्यवस्थापनाचा एक अख्खा पेपर होता. तो मला जड गेला. त्यातले तज्ज्ञ घरातच बसले होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आरडाओरडा ऐकून काकू खाली आल्या. "काहून गा, एवढा बोंबलून राहिला?"

मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग माझा चेहरा पाहून थांबल्या. "तुह्या बापानं त्याची डूटी केली," त्या म्हणाल्या. "कंपनीले फोन लाव आता."

फोनवरच्या मॅडमनी ऐकून घेतलं. गुरुवारी पुन्हा माणूस पाठवतो, म्हणाल्या. पण आधीच्या अहवालात चौकीदाराचा जबाब आहे, तेव्हा त्यालाच परत विचारावं लागेल, आणि या वेळीही नकार आला तर निवड रद्द होईल. म्हणजे हातातोंडाशी आलेला घास बांच्या एका शब्दावर अडकला होता. आणि तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

"काकूंना सांगू दे ना," ते म्हणत. "त्या बँकेतल्या आहेत."

मी दोन दिवस समजावत होतो. आपल्याला इथे राहायची, नोकरी करायची परवानगी आहे, दोन्ही देशांत तसा करारच आहे, नेपाळच्या नागरिकत्वाचा कागद पेटीत आहे, घाबरायचं काय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं, पण माझंही ताक सांडायची वेळ आली होती. बांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तेव्हा कागद नव्हता का माझ्याकडे?"

मी जेवायला बसलो आणि जेवलो नाही.

गुरुवारी दुपारी दोनच्या उन्हात तो माणूस आला. त्याने गाडी लावून दुपट्टा सोडला, तेव्हा आतून पन्नाशीचा, मिशा पिकलेला, घामाने भिजलेला गृहस्थ निघाला. काकू पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसल्याच होत्या. त्यांनी त्याला पन्हं दिलं. त्याने ते उभ्यानेच पिऊन फाईल उघडली आणि तो थेट बांकडे वळला.

"मागच्या टायमाले तुम्ही नाही म्हटलं होतं."

बा उठून उभे राहिले. मी जवळच उभा होतो, पण मध्ये बोलायचं नाही असं काकूंनी बजावलं होतं. चौकीत काढावी तशी बांनी टोपी काढून हातात घेतली. मला त्या क्षणी नोकरी नकोशी झाली. राहू दे बा, असं म्हणायला मी तोंड उघडलंही.

"हो साहेब," बा म्हणाले. बाहेरच्यांशी ते हिंदी-मराठीची खिचडी बोलतात. "मेरा लडका है. इथंच राहते. अठरा साल से."

"मग मागं काहून नाही म्हटलं?"

"आप फाईल लेके आए थे."

त्या माणसाने हातातल्या फाईलकडे पाहिलं. तो हसला नाही. "माह्या घरी असं कोणी गेलं, तर माहा बापही हेच म्हणन," तो म्हणाला आणि लिहायला लागला. त्याने खोलीच्या दाराचा फोटो काढला, बांची सही घेतली, तोंड बांधलं आणि गेला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच पार्किंगच्या फरशीवर बसलो. काकूंनी उरलेलं पन्हं मला दिलं आणि "जेव आता," म्हणून वर गेल्या. बा मात्र उभेच होते, गेटकडे बघत.

"परत येईल का तो?"

"नाही बा. झालं सगळं."

"दुसरं कोणी?"

"कोणी नाही."

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे आता कोणी विचारलं, तर खरं सांगायचं?"

मी हो म्हटलं. संध्याकाळी चौथ्या मजल्याचं पार्सल घेऊन एक माणूस आला. त्याने लिफ्ट कुठे आहे एवढंच विचारलं होतं. बांनी त्याला लिफ्ट दाखवली, आणि लिफ्ट खाली येईपर्यंत माझं पूर्ण नाव घेऊन सांगितलं, की हा माझा मुलगा आहे, इथेच राहतो, मिहानला लागला.