कुकरमधली बिस्किटं

रविवारी टेकडीपर्यंत पळून आलो की आमच्या क्लबात कुणीतरी घरचा खाऊ वाटतं. आज माझी पाळी होती. देशमुखकाकूंनी नाचणीचं बिस्कीट उलटून पाहिलं. खालून करपलं होतं.

“ओव्हन कुठला गं तुझा?”

पळताना लागली नव्हती एवढी धाप तेव्हा लागली. घरातली पहिली पदवीधर मी; परीक्षेला कधी घाबरले नाही. भीती वाटते ती माझ्याच तोंडाची. चारचौघांत ते आईला लपवू बघतं. ‘विकतची आहेत’ हे जिभेवर आलंच होतं.

“ओव्हन नाही आमच्याकडे. आईनं कुकरमध्ये मीठ तापवून त्यावर भाजलीत.”

“तरीच करपलीत!” म्हणत काकूंनी दुसरं उचललं.

पुढच्यासमोर डबा धरला आणि त्यानं विचारायच्या आतच सांगून टाकलं, “आईनं केलीत.” थांबले असते, तर तोंडाचा भरवसा नव्हता.