मागनं ठेवलेलं अंडं

बारामतीच्या बाजारात पांढरी अंडी दिसली की चोपन्न सालचं काटेवाडीचं आमचं परसू आठवतं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माझ्या बायकोची, सरूची, एकुलती पांढरी लेगहॉर्न कोंबडी मुंगसानं मारली. तिचं शेवटचं अंडं सरूनं खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखाली, बारा मातकट अंड्यांत सरकवलं. एकविसाव्या दिवशी कोंबडी बारा पिल्लं घेऊन उठली. पांढरं अंडं तसंच राहिलं.

"दिवस भरले. टाकून दे," मी म्हणालो.

"अवो, ते दोन दिस मागनं ठिवलंय."

तिनं ते ओच्यात बांधलं आणि तशीच कामं करत राहिली. तेविसाव्या दिवशी भाकरी थापताना ती थांबली.

"हात लावा हितं."

आत टकटक होत होती.

"तेवीस. बरोबर," म्हणून मी हात काढून घेतला. आज वाटतं, काही न बोलता तो तिथंच ठेवायला हवा होता.