मधी मुक्काम किती?
घोंगड्याचा उबट वास आला की मला सोलापूरच्या पुढचा तो रस्ता आठवतो. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. सांगोल्याकडं पाणी आटलं म्हणून माझे वडील, आबा, आणि मी मेंढरं घेऊन अक्कलकोटच्या अंगाला निघालो होतो. वाटेत पाच मुक्काम झाले होते आणि त्या दिवशीही पहाटेपासून आम्ही चालतच होतो. फुफाट्यानं तळपाय पोळले होते, आबांच्या खांद्यावर आदल्या दिवशी जन्मलेलं कोकरू होतं. एवढ्यात डोक्यावरून घरघरत विमान गेलं आणि मेंढरं बिथरली. रस्त्याच्या कामावरचा मुकादम मान वर करून म्हणाला, "टपालाचं इमान हाय. मुंबईवनं निघालंय, दुपारच्या आत हैदराबाद." आबांनी विचारलं, "मधी मुक्काम किती?" "एक बी न्हाय की." "मग आतली माणसं बसत्यात कवा?" मुकादमाला हसू आवरेना. "आवं, बसूनच जात्यात!" आबा हसले नाहीत. काठी आडवी टाकून ते तिथंच धुळीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. बोरी नदीचं पाणी अजून लांब होतं, मेंढरांनी तहानेनं जिभा काढल्या होत्या. मी कावले. "उठा की आबा, हितं कुटं बसताय?" म्हणत मी त्यांना दंडाला धरून उठवलं. काठी उचलून ते चालू लागले. परवा लेकानं मला मुंबईहून हैदराबादला विमानानं नेलं. पट्टा बांधून दीड तास नुसतं बसायचं होतं, आणि मला बसवेना.